वळतं, पण कळत नाही

नमस्कार ताई,

माझं वय ४६. दोन वर्षांपूर्वी जलरंगातली चित्रं शिकायची ठरवली. शाळेत असताना हात बरा होता, मग सगळं सुटलं. रंग, ब्रश, जाड कागदाची वही, सगळं आणलं आणि शिकण्यासाठी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. आज माझ्याकडे सेव्ह केलेले ४१२ व्हिडिओ आहेत आणि वहीत एकच चित्र, तेही अर्धवट. रोज रात्री ‘आज काढूच’ म्हणत फोन उघडते आणि बारा वाजतात. उठते तेव्हा आपण नक्की काय बघत होतो तेही आठवत नाही. बहीण म्हणते, ‘तुला कळतं पण वळत नाही, लहानपणापासून अशीच आहेस.’

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्यावर फोनचा वाईट परिणाम होईल म्हणून रात्री नऊनंतर त्याचा फोन मी काढून घेते. माझ्यावरही काही परिणाम होत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

अजून एक. चार महिन्यांपूर्वी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने आईला वृद्धाश्रमात ठेवल्याचं लिहिलं. आईवडिलांना विसरणाऱ्या मुलांचे रडवणारे व्हिडिओ तेव्हा मला सारखे दिसायचे, मी ते सगळ्यांना पाठवायचेही. तिच्या पोस्टखाली मी फार बोचरं लिहिलं. साडेतीनशे लाइक आले. अनोळखी लोकांनी तिला वाट्टेल ते बोलायला सुरुवात केली. पोस्ट लांब होती, ‘आणखी पाहा’वर मी बोट ठेवलंच नव्हतं. आठवड्याने पूर्ण वाचली. आई आता कुणालाच ओळखत नाही, रात्री दार उघडून निघून जाते, दोनदा रस्त्यावर सापडली, असं तिने खाली लिहिलं होतं. तेव्हापासून तिचा फोन नाही, माझाही नाही. मी असं बोलणारी बाई नाही हो. मग ते कोणी लिहिलं? माझी इच्छाशक्ती कमी पडते, की मन दुसऱ्या कुणाच्या ताब्यात गेलंय?

एक वाचक

*

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चित्रांबद्दल आधी भरभरून लिहिलंत आणि मैत्रिणीचा विषय ‘अजून एक’ म्हणून शेवटी आणलात. माणूस खरं दुखणं बहुतेक वेळा निघता निघता, उंबरठ्यात उभं राहून सांगतो. म्हणून मी मैत्रिणीपासून सुरुवात करते.

ते कोणी लिहिलं? तुम्ही लिहिलंत. हे मान्य केल्याशिवाय पुढचं काहीच नीट होणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. पण तुमचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. ‘मी असं बोलणारी बाई नाही’ हेही खरं आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, ते समजून घेण्यासारखं आहे.

ते वाक्य त्या रात्री अचानक सुचलेलं नाही. त्याची मशागत कित्येक महिने चालली होती. ‘आईवडिलांना विसरणारी मुलं’ हा पहिला व्हिडिओ तुम्ही शेवटपर्यंत पाहिला असेल, डोळे भरून आले असतील. फीड ठरवणाऱ्या यंत्रणेला तुमचे डोळे भरून आलेले दिसत नाहीत. तिला दिसतं ते इतकंच, की इथे ही बाई थांबली, शेवटपर्यंत थांबली आणि पुढे पाठवलंही. तुम्हाला तो विषय पटला, आवडला की त्रासाचा वाटला, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. दुसऱ्या दिवशी तसे दोन येतात, आठवड्याने दहा. त्यातली प्रत्येक गोष्ट खरीसुद्धा असू शकते. खोटं असतं ते प्रमाण. आपल्या नात्यागोत्यात म्हाताऱ्या आईवडिलांचं करता करता थकलेली कितीतरी माणसं असतात. त्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही, म्हणून ती आपल्या हिशेबातच येत नाहीत. मैत्रिणीची पोस्ट समोर आली तेव्हा पहिल्या चार ओळी वाचूनच तुम्हाला सगळं ‘कळलं’ होतं, कारण गोष्ट तुम्हाला पाठ होती. फक्त तिच्यात मैत्रिणीचं नाव भरायचं राहिलं होतं.

आणि मग साडेतीनशे लाइक.

या लाइकबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ही गोष्ट आपण फार हलक्यात घेतो. फेसबुकने २००९ साली लाइकचं बटण आणलं, तेव्हापासून आपल्या प्रत्येक बोलण्याला आकडा चिकटला. घरात आपण काही टोचून बोललो तर समोरच्याचा चेहरा उतरतो, कुणी उठून जातं, कुणी ‘पुरे आता’ म्हणतं. जीभ आवरायला आपण तिथेच शिकलेलो असतो. पडद्यावर मैत्रिणीचा चेहरा दिसत नाही. दिसतो फक्त वाढत जाणारा आकडा. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्विटरवरच्या ७,३३१ लोकांचे सुमारे १ कोटी २७ लाख संदेश त्यांनी तपासले. संताप व्यक्त केल्यावर ज्यांना जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ती माणसं पुढच्या काळात आणखी संतापाने लिहू लागली. ती मुळात तापट होती म्हणून नव्हे. शाबासकी मिळाली की मूल तीच गोष्ट पुन्हा करतं ना, तसंच हे शिक्षण आहे. शिकवणारा कुणी दिसत नाही एवढाच फरक.

तुम्ही आठवून पाहा. त्या कमेंटच्या आधीच्या काही महिन्यांत दुसरीकडे कुठे थोडं तिखट लिहिलं होतंत का? आणि त्याला तुमच्या नेहमीच्या साध्या लिहिण्यापेक्षा जास्त दाद मिळाली होती का? तसं असेल, तर ती रात्र पहिली नव्हती. रंगीत तालीम आधीच झाली होती.

आपल्याकडे ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतात, तुमच्या बहिणीने तेच ऐकवलं. पण मैत्रिणीच्या बाबतीत झालं ते नेमकं उलट: वळलं, पण कळलं नाही. मत बनलं, शब्द धारदार झाले, बोट चाललं, आणि आपण वळलो आहोत हे आठवड्याने लक्षात आलं. या दुसऱ्या प्रकारासाठी आपल्या भाषेत म्हण नाही. तिची गरज आपल्या आजी-पणजीला आजच्याइतकी पडली नसावी.

म्हणून मन दुसऱ्याच्या ताब्यात गेलंय असं मी म्हणणार नाही. तुम्ही बाहुली नाही आहात. २०१२ साली फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये त्यांना न सांगता आठवडाभर फेरफार केले. कुणाला आनंदाच्या पोस्ट कमी दाखवल्या, कुणाला दुःखाच्या. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर आरडाओरडा झाला, आणि तो योग्यच होता, कारण माणसांच्या मनाशी असं परस्पर खेळण्याचा कुणाला हक्क नाही. पण परिणाम किती निघाला ते पाहा: लोकांच्या लिहिण्यात हजार शब्दांमागे साधारण एका शब्दाचा फरक पडला. एका आठवड्यात माणूस बदलून टाकण्याची जादू त्यात नाही. थेंब लहानच असतो. पण तो एक आठवडा होता, आणि तुमचे ते रडवणारे व्हिडिओ कित्येक महिन्यांचे आहेत.

मुलाचा फोन नऊ वाजता काढून घेताना आपल्यावरही परिणाम होतो हे मनात आलं नाही, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. याचा अपराध मानू नका. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अभ्यासकांनी १९८३ सालीच हे नोंदवून ठेवलंय, की माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर फार होतो आणि आपल्यावर कमी, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. तेव्हा तर हातात फोनही नव्हते. मलाही असंच वाटायचं. गेल्या वर्षी एका नातेवाइकाबद्दल माझं मत आठवड्याभरात कलुषित झालं आणि त्या आठवड्यात मी त्याला भेटलेही नव्हते, बोललेही नव्हते. नुसतं तो कुणाच्या पोस्टला लाइक करतो ते पाहत होते. ते लक्षात आलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ झाले होते.

आता काय करायचं ते सांगते.

आधी ती कमेंट काढून टाका. चार महिने ती तिथेच असेल तर अजूनही कुणी ना कुणी ती वाचतंय, आणि तुमची मैत्रीणही कदाचित पुन्हा पुन्हा वाचते आहे. तिच्याखाली जमलेली उत्तरंही बहुतेक ठिकाणी मूळ कमेंटबरोबर जातात. पण काढून टाकणं म्हणजे माफी नव्हे. ‘निदान काढलं तरी’ असं तिने समजून घ्यावं, ही अपेक्षा ठेवू नका.

मग तिच्याकडे जा. शक्यच नसेल तर फोन करा, तोही उचलला नाही तर हाताने पत्र लिहा. पण मेसेज नको. ज्या वाटेने घाव गेला त्याच वाटेने मलमपट्टी पाठवू नये असं मला वाटतं. तिथे तुमचा शब्द पुन्हा शंभर गोष्टींमधली एक गोष्ट होऊन तिच्यापुढे येईल. आणि भेटल्यावर फार बोलू नका. ‘मी अर्धंच वाचून लिहिलं. पूर्ण वाचलं असतं तरी तसं लिहिण्याचा मला हक्क नव्हता. माझ्यामुळे परक्या लोकांनी तुला बोल लावले, त्याचं मला फार वाईट वाटतं. आई कशी आहे?’ इतकं पुरे. या पत्रात मी फीडबद्दल, लाइकबद्दल जे लिहिलंय त्यातलं अक्षरही तिथे काढू नका. ते तुम्हाला स्वतःला समजून घेण्यासाठी आहे, तिच्यापुढे ती सबब होईल. यंत्रणेने उतार तयार केला हे खरं, पण धक्का ज्या हाताचा होता तो हात तुमचा होता, आणि तिला तो हात ओळखीचा आहे. म्हणून तर तिला इतकं लागलं.

‘सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोर मागू का?’ हा प्रश्न तुमच्या मनात येईल. तिला विचारा. काहींना जाहीर माफी हवी असते, काहींना तो विषय पुन्हा वर यायलाच नको असतो. हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही. आणि ती रागावली, रडली, ‘आता कशाला आलीस’ म्हणाली, तर ते ऐकून घेऊन परत या. चार महिन्यांचं मौन एका भेटीत फिटत नाही.

पुढे पुन्हा असं होऊ नये यासाठी मी तुम्हाला एकच सवय सुचवते: कुणाच्याही लिहिण्यावर राग आला की उत्तर फोनवर लिहायचं नाही. कागदावर लिहा, बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी वाचा. याला आधार आहे. ट्विटरने काही काळ अशी सोय करून पाहिली होती, की कुणी बोचरं उत्तर पाठवू लागलं तर पाठवण्याआधी ‘पुन्हा एकदा विचार कराल का?’ असं विचारायचं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशी सूचना दिसलेल्यांपैकी ९ टक्के उत्तरं लोकांनी पाठवलीच नाहीत आणि २२ टक्के बदलून पाठवली. बहुसंख्य लोकांनी आहे तसंच पाठवलं, हेही खरं. तरी विचार करा, कुणी उपदेश केला नाही, कुणी रागावलं नाही, नुसतं क्षणभर थांबवलं आणि दहातल्या तिघांचं वागणं बदललं. त्या रात्री तुम्हाला असं कुणी क्षणभर थांबवायला हवं होतं. आता ते काम कागदाला करू द्या.

आणि हो, ‘आणखी पाहा’ वाचल्याशिवाय लिहायचं नाही. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही ते कायमचं शिकला आहात.

आता चित्रं.

इथे तुमच्या बहिणीचं वाक्य लागू पडतं असं वाटेल, पण मला ते तिथेही पूर्ण पटत नाही. ‘वळत नाही’ म्हटलं की सगळा दोष मनाच्या कमकुवतपणावर जातो. पण रोज रात्री तुम्ही काहीच करत नाही असं थोडंच आहे? तुम्ही चित्रकलेसाठीच फोन उघडता, चित्रकलेचेच व्हिडिओ बघता, आवडलेले जपून ठेवता. तुमची इच्छा जागी आहे, रोज रात्री ती वेळेवर हजर होते. पण तिला ज्या दारातून जायचं होतं त्याच्या अलीकडे दुसरं दार उघडं असतं, आणि त्या दारावरही ‘चित्रकला’ असंच लिहिलेलं असतं.

पाहण्यातून शिकल्याचा भास कसा होतो, यावर मायकल कार्डास आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनी २०१८ साली फार सुंदर प्रयोग केले होते. टेबलावरच्या बशा-पेले न हलवता खालचं कापड खसकन ओढून काढायचं, फेकलेला बाण नेमका मधोमध लावायचा, अशा कसबांचे व्हिडिओ त्यांनी काहींना एकदा दाखवले आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना ‘मला हे जमेल’ याची खात्री बरीच जास्त होती. प्रत्यक्ष करायला दिलं, तेव्हा त्यांचं कसब एकदा पाहणाऱ्यांपेक्षा सरस नव्हतं. तुमचे ४१२ व्हिडिओ आठवा. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ‘अच्छा, असं करतात तर’ असं वाटलं असेल, आणि त्या वाटण्याने चित्र काढल्याच्या समाधानाचा एक तुकडा तुम्हाला मिळाला असेल. तुकडा लहान, पण रोजचा. भूक तेवढ्यापुरती मरते. मग ब्रश कोण उचलणार?

जलरंगाच्या बाबतीत तर हे अधिकच. कागद किती ओला झाल्यावर रंग सोडायचा हे पाहून कळत नाही. पाणी जास्त झालं की रंग पसरतो, कमी झालं की कडा उमटतात. तो अंदाज बोटांना येतो, डोळ्यांना येत नाही. व्हिडिओत वाळण्याची वाट बघण्याची ती दहा मिनिटं कापलेली असतात, आणि अर्धं शिक्षण त्या दहा मिनिटांत असतं.

फोनचं दार इतकं सहज उघडतं यामागे अभ्यास आहे. माणसाचं वागणं कशाने घडतं यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग यांनी एक साधी मांडणी केली आहे. इच्छा, सोपेपणा आणि इशारा या तीन गोष्टी एकाच क्षणी जुळल्या की माणूस कृती करतो. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी माइक क्रीगर पुढे इन्स्टाग्रामच्या संस्थापकांपैकी एक झाले. आता तुमची रात्र या तीन गोष्टींवर ठेवून पाहा. फोन हाताशी, अंगठ्याच्या एका हालचालीत उघडणारा, आणि नोटिफिकेशनचा इशारा सतत वाजणारा. रंग मात्र कपाटात, वही त्यांच्याखाली, पाण्याचं भांडं आणायचं, टेबल मोकळं करायचं, आणि बोलावणारं कुणीच नाही. इच्छा रंगांची जास्त असली तरी सोपेपणा आणि इशारा दोन्ही फोनच्या बाजूला आहेत. मग बारा वाजणारच. पडदा खाली खाली सरकत राहतो आणि पान संपतच नाही, ही युक्ती ॲप आणि वेबसाइटच्या पडद्यांची रचना करणारे एझा रास्किन यांनी २००६ साली काढली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाचं प्रकरण संपतं तेव्हा आपण मान वर करून घड्याळ बघतो. इथे मान वर करायची जागाच काढून टाकली आहे.

तेव्हा इच्छाशक्ती वाढवायच्या मागे लागू नका. मांडणी बदला.

रंग, ब्रश आणि वही आजच कपाटातून काढून टेबलावर कायमची उघडी ठेवा. आवरून ठेवायची नाहीत. घर थोडं पसरलेलं दिसेल, दिसू दे. फोनला रात्री त्या खोलीत जागा नाही. आणि ‘रोज सराव करीन’ असं ठरवू नका, कारण असा संकल्प ऐकायला छान असला तरी त्याला वेळ नसते, जागा नसते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी संकल्प आणि कृती यांच्यातल्या दरीवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं असं, की संकल्प ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ या रूपात बांधावा. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा बांधलेल्या संकल्पांचा फायदा ठळक दिसला. तुमचं वाक्य असं असू द्या: ‘रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवला की मी टेबलाशी बसून एका कागदावर एकच रंग पाण्याने पसरवीन.’ दिवा मालवणं रोज होतंच. तोच तुमचा इशारा. आणि काम इतकं लहान ठेवा, की टाळायला कारण शोधावं लागेल. चित्र नको, फक्त एक रंग.

आणि कृपा करून हे कुणाला सांगू नका. ‘आजपासून शंभर दिवस शंभर चित्रं’ अशी पोस्ट टाकण्याचा मोह होईल. याच गोलविट्झर यांनी २००९ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं, की कायद्याच्या ज्या विद्यार्थ्यांच्या संकल्पाची कुणी दखल घेतली, ते अभ्यासाला कमी वेळ बसले. दखल न घेतलेले जास्त वेळ बसले. आपण वकील होणार हे कुणीतरी मानल्यावर, थोडे वकील झाल्यासारखंच त्यांना वाटलं असावं. तुमच्या पोस्टला पन्नास लाइक आले तर तुम्हीही थोड्या चित्रकार झालेल्या असाल, ब्रश ओला न करता. काही लोकांना सांगितल्याने बळ मिळतं, हे मला माहीत आहे. पण तुमचं पत्र वाचून, तुम्हाला दाद फार लवकर पुरते असं मला वाटतं. म्हणून हा सल्ला तुमच्यापुरता आहे.

त्या ४१२ व्हिडिओंचं काय? सगळे पुसून टाका असं मी सांगणार नाही, तुमचा जीव होणार नाही. त्यातला एक निवडा, फक्त एक, आणि तो महिनाभर पुरवा. दिवसा, रंग हातात घेऊन, मधेमधे थांबवत. बाकीच्यांकडे फिरकू नका.

फोन पूर्ण सोडावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. २०१८ साली अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. रोजचा साधारण तासभर मोकळा झाला, घरच्यांबरोबरचा वेळ वाढला, मन थोडं बरं झालं. थोडंच. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: चार आठवडे संपल्यावरही ही माणसं पूर्वीइतकी तिकडे वळली नाहीत. म्हणजे एकदा लांबून पाहता आलं की ओढ सैल होते. तुम्हाला महिनाभर जमत असेल तर जरूर करा. नसेल, तर ॲप उघडण्याआधी क्षणभर थांबवून ‘खरंच उघडायचं का?’ असं विचारणारी साधनं मिळतात. २८० जणांवर सहा आठवडे केलेल्या एका अभ्यासात अशा साधनामुळे लोकांनी दर तीनपैकी एकापेक्षा जास्त वेळा ॲप न उघडताच फोन ठेवून दिला. मला तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं सर्वांत सोपं वाटतं. उठून जाईपर्यंत, कशाला निघालो होतो ते स्वतःला विचारायला वेळ मिळतो.

मुलाबद्दल एकच. रात्री नऊला त्याचा फोन काढून घेता, तो कुठे ठेवता? तिथेच तुमचाही ठेवा, त्याच्यासमोर. कारण विचारलं तर मैत्रिणीची सगळी गोष्ट त्याला सांगा, स्वतःला न वाचवता. पंधरा वर्षांचा मुलगा ती नीट ऐकेल. त्यालाही कदाचित काही सांगायचं असेल.

दोन वर्षं न उघडलेल्या नळीतले रंग वाळून खडे झाले असतील. टाकून देऊ नका. नळी उभी चिरा, आतला खडा झाकणावर काढा आणि त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून थोडा वेळ थांबा. चांगला जलरंग वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. ते अर्धवट चित्र पुढे करत बसू नका, नव्या कागदावर सुरुवात करा. पण त्याआधी मैत्रिणीकडे जाऊन या.

तुमची,
ताई